तारण नाही म्हणून लोन अडलंय? सीजीटीएमएसईची वाट, कोल्हापुरातनं, पहिल्या कागदापासून

माझा कांदा-लसूण चटणी आणि मसाल्याचा धंदा आहे, उचगावात भाड्याच्या गाळ्यात. सुरुवात घरातनंच झाली. उन्हाळ्यात गल्लीतल्या बायकांच्या मिरच्या डंकावर नेऊन कुटून आणायच्या, मग स्वतःची चटणी किलोवर विकायला लागले, मग लक्ष्मीपुरीतल्या दोन दुकानांनी माल मागितला आणि घर पुरेना झालं. स्वतःचा डंक, पल्व्हरायझर, रोस्टर आणि पाऊच पॅकिंगचं मशीन घ्यायचं ठरवलं, सगळं मिळून १४ लाखांचं कोटेशन झालं, आणि बँकेत पहिलाच प्रश्न आला, "तारण काय देणार?"

घर सासऱ्यांच्या नावावर, प्रॉपर्टी कार्डावर त्यांच्याबरोबर दोन दिरांची नावं. ते गहाण ठेवा म्हणायला माझी जीभ उचलली नाही आणि उचलायला पण नको होती. तीन बँका फिरले, आठ महिने गेले, शेवटी साडेदहा लाखांचं टर्म लोन आणि ६ लाखांची सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलाची लिमिट) मिळाली, घर नाही, जमीन नाही, दागिना नाही, लोनमधल्या मशीन-मालाशिवाय कायपण गहाण न ठेवता. ते झालं सरकारच्या क्रेडिट गॅरंटीवर, म्हणजे सीजीटीएमएसईवर. ह्या आठ महिन्यातले निदान पाच महिने मला माहिती नव्हती म्हणून गेले, तुमचे जाऊ नयेत म्हणून सगळं क्रमानं लिहितेय.

१. आधी हे डोक्यात पक्कं करा: हमी बँकेला असते, तुम्हाला नाही

सीजीटीएमएसई म्हणजे क्रेडिट गॅरंटी फंड ट्रस्ट फॉर मायक्रो अँड स्मॉल एंटरप्रायझेस. केंद्राचं एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) मंत्रालय आणि सिडबी ह्या लघुउद्योगांच्या बँकेनं मिळून २००० साली काढलेला ट्रस्ट. हा ट्रस्ट तुम्हाला लोन देत नाही, तुमचा अर्ज पण घेत नाही, तुम्ही त्यांच्याकडं थेट जायचंच नसतं. लोन बँकच देते, आणि ते बुडालं तर नुकसानीतला ठरलेला हिस्सा ट्रस्ट बँकेला भरून देतो, साधारण ७५ ते ९० टक्के, लोनच्या रकमेवर आणि कर्जदार कोण आहे त्यावर. बाईच्या नावावरच्या उद्योगाला हा टक्का जास्त धरतात.

इथंच लोकांचा मोठा गैरसमज होतो. मला पण एका पाहुण्यानं सांगितलं होतं, "सरकारची गॅरंटी हाय, नाही फेडलं तरी चालतंय." अजिबात चालत नाही. समजा १० लाख थकले आणि ट्रस्टनं बँकेला साडेसात लाख दिले, तरी बँक तुमच्याकडनं पूर्ण १० लाखांची वसुली चालूच ठेवते, तसा नियमच आहे, आणि लोन १० लाखांच्या वरचं असेल तर ट्रस्टकडं क्लेम मागायच्या आधी बँकेला तुमच्यावर कायदेशीर कारवाई सुरू करावी लागते. सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा रेकॉर्ड, खराब होतं ते वेगळंच. म्हणजे गॅरंटीनं तुमचं कर्ज कमी होत नाही, फक्त तारणाची अट बाजूला होते. आणि म्हणूनच बँकेचा साहेब तुमच्या घराऐवजी तुमचा धंदा बघतो, पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या एका गोष्टीसाठी आहेत.

२. तुमचं लोन कुठल्या योजनेत बसतं ते बघा

२० लाखांच्या आतलं असेल तर मुद्रा पण आहे. शिशु ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत, आणि ज्यांनी तरुणचं लोन नीट फेडलंय त्यांना २०२४ पासून तरुण प्लस २० लाखांपर्यंत. मुद्राला तारण लागत नाही आणि त्याच्यामागं वेगळा हमी फंड आहे, एकाच लोनला दोन हम्या मिळत नाहीत.

त्याच्यावर गेलं, किंवा माझ्यासारखं पहिल्यांदाच १० लाखांच्या वर लागत असेल, तर सीजीटीएमएसई. १ एप्रिल २०२५ पासून मर्यादा १० कोटींपर्यंत गेलीय, त्याआधी ५ कोटी होती. सूक्ष्म आणि लघु उद्योगांनाच मिळते, मध्यम उद्योगाला नाही. सूक्ष्म म्हणजे आता मशिनरीतली गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल १० कोटींपर्यंत, त्यामुळं आपल्यातले बहुतेक सगळे त्यात आलेच. कारखाना, सर्व्हिस, दुकानदारी तिन्ही चालतंय. शेतीचं कर्ज आणि बचत गटाचं कर्ज ह्यात बसत नाही.

सबसिडीच्या योजना वेगळ्या, केंद्राची पीएमईजीपी, राज्याची सीएमईजीपी, मराठा समाजातल्या मुलांसाठी अण्णासाहेब पाटील महामंडळाची व्याज परतावा योजना. ह्यातलं काही मिळत असेल तर जरूर घ्या, पण लोन शेवटी बँकच मंजूर करणार असते आणि तिथं परत तारणाचा विषय निघाला तर गॅरंटीच उपयोगी पडते. माहिती जिल्हा उद्योग केंद्रात फुकट मिळते. मी तिथं आधीच जायला पाहिजे होतं.

३. उद्यम रजिस्ट्रेशन, आणि ते फुकट असतं

हे नसेल तर पुढं जाऊच नका. १ जुलै २०२० पासून जुनं उद्योग आधार बंद होऊन उद्यम आलं. आधार, पॅन आणि ओटीपीवर अर्ध्या तासात होतं, सरकारी साईटचा पत्ता जीओव्ही डॉट इनवर संपतो तेवढा बघा. गुगलवर शोधलं की वरती सरकारी दिसणाऱ्या खाजगी साईट येतात, दीड-दोन हजार फी मागतात. सरकार एक रुपया घेत नाही.

एक चूक मी केली ती सांगते. पहिल्यांदा भरताना मी धंद्याचा प्रकार ट्रेडिंग टाकला, कारण तेव्हा मी बाहेरच्या डंकावरनं कुटून आणून विकत होते. बँकेत फाईल गेल्यावर साहेब म्हणाले, "ताई, मशिनरीसाठी लोन मागताय आणि उद्यमवर तुम्ही व्यापारी दिसताय." दुरुस्ती ऑनलाईनच होते, पण फाईल तीन आठवडे मागं पडली. काय करताय आणि काय करणार आहात, दोन्ही धरून प्रकार टाका.

४. सिबिल स्वतः काढून बघा, बँकेच्या आधी

वर्षातनं एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळायचा तुमचा हक्क आहे. नुसता स्कोअर बघू नका, आतली पानं वाचा. माझ्या रिपोर्टमध्ये एका नातेवाईकाच्या गाडीच्या लोनला मी जामीन होते ते निघालं, त्यांचे दोन हप्ते उशिरा गेलेले, मला पत्ताच नव्हता. त्यांना सांगून ते आधी नील करून घेतलं. बचत गटातनं, मायक्रोफायनान्समधनं घेतलेलं कर्ज पण आता रिपोर्टला दिसतं, सोनेतारण दिसतं, मोबाईल हप्त्यावर घेतला असेल तर ते पण दिसतं. फेडून झालेलं खातं चालू दाखवत असेल तर तक्रार टाका, ३० दिवसांत दुरुस्ती करायचं बंधन आहे त्यांच्यावर. आयुष्यात कधी कर्जच घेतलं नसेल तर स्कोअर येत नाही, त्यानं घाबरू नका, तेवढ्यावरनं सहसा कुणी नाही म्हणत नाही.

५. फाईल

दोन सेट झेरॉक्स, सगळ्यावर सही, आणि सगळीकडं नाव एकसारखं. आधारवर सासरचं आणि पॅनवर माहेरचं असेल तर ते आधी एक करून घ्या, आपल्या बायकांचं इथंच अडतं.

- आधार, पॅन, फोटो, लाईट बिल
- उद्यम प्रमाणपत्र, शॉप ॲक्ट, जीएसटी असेल तर ते आणि त्याची रिटर्न
- धंद्याचं लायसन्स, माझ्या बाबतीत फूड लायसन्स
- २-३ वर्षांचे आयटी रिटर्न, ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रकासकट (नवा धंदा असेल तर जेवढे असतील तेवढे)
- १२ महिन्यांचं बँक स्टेटमेंट, धंद्याचं खातं वेगळं असेल तर लय बरं
- मशिनरीची कोटेशन, जीएसटी नंबर असलेली, शक्यतो दोन-दोन पार्ट्यांची
- गाळ्याचा करार, मालकाचं संमतीपत्र
- चालू कर्जांची यादी, हप्त्यासकट
- प्रोजेक्ट रिपोर्ट
- माल घेणाऱ्यांच्या ऑर्डरी, बिलं, नियमित गिऱ्हाईकांची यादी

गाळ्याच्या कराराबद्दल जरा थांबून सांगते. आपल्याकडं ११ महिन्यांचा करार करायची पद्धत आहे. लोन पाच वर्षांचं आणि जागा ११ महिन्यांची, मग बँकेला वाटतंच की मशीन उद्या कुठं जाणार. मी मालकांच्या घरी जाऊन बसले, त्यांना समजावलं की गहाण त्यांचा गाळा नाही, मशीन आहे, आणि ५ वर्षांचा रजिस्टर करार करून घेतला. रजिस्ट्रेशनचा खर्च मी केला. आणि महावितरणचं थ्री फेज कनेक्शन, त्याचा मंजूर लोड तुमच्या मशीनच्या एचपीला पुरतो का ते पण आत्ताच बघा. मशीन येऊन पडलंय, हप्ता सुरू झालाय आणि मीटर वाढवून मिळालेला नाही असं उद्यमनगरात ओळखीच्या एका वर्कशॉपवाल्या दादांचं झालं, चार महिने गेले त्यांचे.

६. प्रोजेक्ट रिपोर्ट: दुसऱ्याकडनं टाईप करून घ्या, पण आकडे तुमचे पाहिजेत

ह्या एका पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवा म्हणेन. माझा पहिला रिपोर्ट एकानं तीन हजारात करून दिला. त्यात पहिल्या वर्षाची विक्री ८० लाख. माझी आदल्या वर्षीची विक्री १९ लाख. साहेबांनी विचारलं, "एवढी चटणी कोण घेणार, नावं सांगा." मला एक नाव सांगता आलं नाही, कारण तो आकडा माझा नव्हताच. ती बँक तिथंच संपली.

मग मी वही घेऊन बसले. महिन्याला किती किलो जाते, कुठं जाते, पॅकिंग मशीन आल्यावर कुठली दुकानं घेतो म्हणालीत, लक्ष्मीपुरीत किती, गांधीनगरला किती, पुण्या-मुंबईला एसटी पार्सलनं किती. सगळं धरून ३० लाख आले. एवढं मी कुणालाही छातीठोकपणे सांगू शकत होते.

त्या ३० लाखांवरनंच सीसीची लिमिट निघाली. छोट्या उद्योगाला खेळतं भांडवल बँका साधारण उलाढालीच्या हिशोबानं देतात, वर्षाच्या अपेक्षित विक्रीच्या २५ टक्के म्हणजे गरज धरायची, त्यातले ५ टक्के आपले, २० टक्के बँकेचे. ३० लाखांचे २० टक्के म्हणजे ६ लाख. मसाल्याच्या धंद्यात हे लय महत्त्वाचं आहे, कारण मिरची फेब्रुवारी-मार्चला घ्यायची, गडहिंग्लजची संकेश्वरी असो नाहीतर तिकडनं ब्याडगी असो, आणि ती वर्षभर पुरवायची. टर्म लोन मशीनला, सीसी मिरचीला. मी सुरुवातीला फक्त मशीनचंच लोन मागत होते, मशीन आल्यावर त्यात घालायला मिरची कशानं आणणार ह्याचा विचारच केला नव्हता. तो प्रश्न दुसऱ्या बँकेतल्या बाईंनी काढला. लोन त्यांच्याकडनं झालं नाही, पण त्यांचे उपकार आहेत.

दुसरा आकडा बँक बघते तो डीएससीआर. नाव मोठं आहे, हिशोब सोपा. वर्षाचा निव्वळ नफा, अधिक घसारा (मशीनची वर्षाची झीज), अधिक टर्म लोनचं व्याज, ही झाली हप्ता भरायला हातात राहणारी रक्कम. तिला वर्षभराच्या हप्त्यांनी भागायचं. माझं असं होतं: नफा १.८ लाख, घसारा २.१ लाख, व्याज साधारण १ लाख, मिळून ४.९ लाख. साडेदहा लाख, पाच वर्षं, साडेदहा टक्के धरून हप्ता महिन्याला साडेबावीस हजारांच्या आसपास, वर्षाचे २.७ लाख. भागाकार आला १.८. दीडच्या वर असलं की बँकेला बरं वाटतं. सव्वाच्या खाली आलं तर लोन कमी मागा नाहीतर मुदत वाढवून मागा, आकडे फुगवू नका.

आणि स्वतःचा हिस्सा, म्हणजे मार्जिन. तारण नाही म्हणजे मार्जिन नाही असं नसतं. माझ्याकडनं १४ लाखांच्या २५ टक्के, साडेतीन लाख लागले. ते खात्यात जमवा, घरात रोख ठेवू नका. ऐनवेळी खात्यात एकदम रोख भरली की कुठनं आली हा प्रश्न येतो.

७. कुठल्या शाखेत जायचं आणि काय बोलायचं

सगळ्याच बँका ह्या ट्रस्टच्या सभासद नाहीत. सरकारी बँका आहेत, मोठ्या खाजगी आहेत, सहकारी बँकांपैकी काही आहेत. आपल्या कोल्हापुरात घरोघरी पतसंस्थेचं पासबुक असतंय, पण पतसंस्थेतनं ही हमी मिळत नाही. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा, "तुम्ही सीजीटीएमएसईचे सभासद आहात का आणि ह्या शाखेतनं मागच्या वर्षात अशी प्रकरणं झालीत का?" शाखेनं कधी केलंच नसेल तर तुमच्या फाईलवर सगळे शिकणार, त्यात वेळ जातो. जिथं तुमचं करंट खातं जुनं आहे आणि रोजचे पैसे फिरतात ती शाखा पहिली. सरकारच्या जनसमर्थ पोर्टलवरनं ऑनलाईन पण अर्ज करता येतो, पण शेवटी शाखेत जाऊन बसावं लागतंच.

जिल्ह्याची लीड बँक बँक ऑफ इंडिया आहे, लीड बँक मॅनेजर हे पद सगळ्या बँकांच्या कर्ज योजनांचा मेळ घालायला असतं. कुठं अडलं तर तिथं भेटता येतं. शिरोली, गोकुळ शिरगावला असाल तर स्मॅक आणि गोशिमा, उद्यमनगरात इंजिनिअरिंग असोसिएशन, ह्या उद्योजकांच्या संघटना, तिथल्या जुन्या उद्योजकांना विचारा, कुठल्या शाखेत काम होतंय हे त्यांना बरोबर माहीत असतं.

गेल्या गेल्या "मला सीजीटीएमएसईमधनं लोन पाहिजे" असं म्हणू नका. माझा अनुभव असा की तसं म्हटलं की समोरच्याला वाटतं ही फक्त योजना बघून आलीय. आधी धंदा सांगा, काय करताय, किती विकताय, मशीन आल्यावर काय बदलणार, हप्ता कशातनं जाणार. मग तारणाचा विषय निघाला की शांतपणे सांगा, तारण द्यायला नाही, हमी योजनेत बसवा, फी मी भरते.

अर्ज दिला की पोच घ्या, तारखेची. पोच देणं बँकेला बंधनकारक आहे. २५ लाखांपर्यंतच्या अर्जावर, कागद पूर्ण असतील तर, १४ कामाच्या दिवसांत निर्णय द्यायचा असतो. नाकारलं तर कारण लेखी मागा. पहिल्या बँकेत मला तोंडी "होणार नाही" म्हणून परत पाठवलं आणि मी तशीच घरी आले, ती चूक करू नका.

८. तरीपण तारण मागितलं तर

१० लाखांपर्यंतच्या लोनला सूक्ष्म-लघु उद्योगाकडनं तारण मागायचंच नाही हा रिझर्व्ह बँकेचा २०१० पासूनचा आदेश, १ एप्रिल २०२६ पासून ती मर्यादा २० लाख झालीय. त्याच्या वर बँकेच्या मर्जीचा भाग येतो, पण ज्या रकमेला सीजीटीएमएसईची हमी घेतली त्या रकमेला बाहेरचं तारण किंवा तिसऱ्या माणसाचा जामीन घेता येत नाही. एका ठिकाणी मला सांगितलं, "हमी तर करूच, पण मोठ्या दिरांची जामीन म्हणून सही आणा, आणि दोन लाखांची एफडी ठेवा." मी दिरांना विचारायला पण निघाले होते. धंद्यात भागीदार नसलेल्या माणसाची सही तिथं बसतच नाही. तुमची स्वतःची वैयक्तिक हमी मात्र घेतात, भागीदार किंवा डायरेक्टर असतील तर त्यांची पण, ते बरोबर आहे. लोनमधनं घेतलेलं मशीन आणि माल बँकेकडं नजरगहाण असतो (ताबा आपल्याकडं, हक्क बँकेचा), ते पण बरोबर आहे.

एक मधला मार्ग आहे, थोडं तारण असेल तर तेवढ्या रकमेला ते द्यायचं आणि उरलेल्या रकमेला हमी घ्यायची. प्लॉट स्वतःच्या एकट्याच्या नावावर असेल आणि लोन मोठं असेल तर ह्याचा विचार करा. सामाईक घर मात्र ह्यात ओढू नका.

अजून एक, एजंट. "साहेब आपलेच आहेत, पाच टक्के द्या, गॅरंटीत बसवून देतो." हमीची नोंद बँक स्वतः ट्रस्टच्या पोर्टलवर करते, त्यात बाहेरच्याचं कामच नाही. सीएला रिपोर्टची फी द्या, बाकी कुणालाच काही द्यायचं नाही. आणि लोन पाहिजे तर आयुर्विम्याची पॉलिसी घ्या असं म्हणाले तर ती सक्ती नसते, मशीन आणि मालाचा विमा तेवढा लागतो.

९. मंजुरीचं पत्र सहीच्या आधी घरी आणून वाचा

साहेब गाळा बघायला येतात, त्या दिवशी काम चालू ठेवा, रजिस्टर टेबलावर ठेवा, एवढंच.

मंजुरी आली की पत्राबरोबर की फॅक्ट स्टेटमेंट मिळायला पाहिजे, त्यात व्याज, सगळ्या फिया आणि वर्षाचा खरा खर्च एका जागी लिहिलेला असतो. त्यात हमीची फी बघा. ही फी बँक आपल्याकडनं घेऊ शकते आणि बहुतेक घेतेच. दर वर्षाला, १० लाखांपर्यंत ०.३७ टक्के, १० ते ५० लाखांना ०.५५, ५० लाख ते १ कोटीला ०.६०, बँकेप्रमाणं थोडं वर होऊ शकतं, आणि त्याच्यावर १८ टक्के जीएसटी. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योजकांना दरात १० टक्के सूट आहे. माझे साडेसोळा लाखांचे ९,०७५, सूट जाऊन ८,१६८ च्या आसपास, जीएसटी धरून साडेनऊ हजारांच्या वर गेले. पहिल्या बिलात माझी महिला सूट धरलीच नव्हती, विचारल्यावर दुरुस्त केली. पुढच्या वर्षांना बाकी रकमेवर फी लागते म्हणून टर्म लोनची कमी होत जाते. एकदाच भरायची असते असं समजू नका, मार्चनंतर अचानक खात्यातनं गेली की चेक बाउन्स व्हायची वेळ येते.

हप्ता सुरू व्हायच्या आधी किती महिने सवलत आहे ते पण बघा. मी ६ महिने मागून घेतले. मशीन यायला दोन, वीज वाढवायला एक, ट्रायलला एक, ह्यातच चार गेले, सवलत नसती तर मला जमलंच नसतं. आणि मुदतीच्या आधी फेडलं तर दंड आहे का ते विचारा, बदलत्या व्याजाच्या लोनला १ जानेवारी २०२६ पासून बहुतेक बँकांना छोट्या उद्योगाकडनं असा दंड घेता येत नाही.

१०. पैसे सुटताना

मशीनचे पैसे थेट सप्लायरच्या खात्यात जातात. तुमचा मार्जिनचा हिस्सा पण बँकेतनंच गेला पाहिजे. मंजुरीच्या आधी उत्साहात मशीन बुक करून रोख ॲडव्हान्स देऊ नका, तो हिस्सा म्हणून धरत नाहीत. कोटेशन फुगवून उरलेले पैसे परत घ्यायचा सल्ला कुणी दिला तर त्या माणसापासनं लांब राहा, हमीचं लोन दुसरीकडं वळवलं असं निघालं तर सगळंच अंगावर येतं.

शाखेत एवढं विचारून घ्या: हमीची नोंद झाली का, तिचा नंबर काय. मी तो नंबर लोनच्या फाईलवर पहिल्या पानावर लिहून ठेवलाय.

११. विमा, आणि माल कुठं ठेवलाय

हे कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये शाहूपुरी, लक्ष्मीपुरीत दुकानांत पाणी शिरलं ते सगळ्यांनी बघितलंय, परत २०२१ च्या जुलैत. विमा घेताना पुराचं कलम आहे का ते वाचून घ्या. ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा नावाची पॉलिसी २०२१ पासून आहे, तिच्यात पूर येतो.

आता जी गोष्ट मला वर्षभर कळली नव्हती ती. माझी निम्मी मिरची कोल्ड स्टोरेजला असते. पॉलिसीवर पत्ता फक्त गाळ्याचा होता. म्हणजे तिकडं आग लागली असती तर तीन लाखांच्या मिरचीला एक रुपया मिळाला नसता, आणि सीसीचे पैसे मात्र फेडावेच लागले असते. बँकेच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये पण तो माल दाखवायला दुसरी जागा नोंदवावी लागते. जिथं जिथं माल असतो तो प्रत्येक पत्ता पॉलिसीवर आणि बँकेत, दोन्हीकडं घाला. हळद, गूळ, चामडं, कापूस, कशाचाही धंदा असू दे, बाहेर ठेवत असाल तर आजच बघा.

स्टॉक स्टेटमेंट दर महिन्याला, ठरलेल्या तारखेला. नाही दिलं तर दंडाचे पैसे कापतात आणि रिन्यूअलच्या वेळी तेच काढून दाखवतात. सीसीचं खातं म्हणजे बचत खातं नाही, पैसे आत-बाहेर फिरले पाहिजेत, सगळी विक्री त्यातनंच दाखवा. यूपीआयचा क्यूआर पण त्याच खात्याचा लावा.

१२. हप्ता अडकायला लागला तर

९० दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकबाकीदार. त्याच्या आधीच बँकेत जा, फोन बंद करून बसू नका. पहिल्याच महिन्यात लेखी पत्र द्या, काय झालंय, कधी सुरळीत होईल, हप्ता लहान करून मुदत वाढवून मिळेल का. २५ कोटींपर्यंतच्या एमएसएमई कर्जांसाठी अडचणीतलं खातं सावरायची रिझर्व्ह बँकेनं घालून दिलेली पद्धत आहे, त्यासाठी बँकेत कमिटी असते, पण ती आपण मागितल्याशिवाय बऱ्याचदा हलत नाही. बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा चुकीचं दिलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं फुकट तक्रार करता येते, १४४४८ वर माहिती मिळते.

माझा एक हप्ता मागच्या पावसाळ्यात मागं पडला होता, दोन मोठ्या दुकानांचे पैसे आले नाहीत म्हणून. मी आठव्या दिवशी पत्र घेऊन गेले, साहेबांनी पंधरा दिवस थांबू म्हणून सांगितलं आणि थांबले. पत्राची पोच अजून फाईलला आहे.

१३. सीसीचं रिन्यूअल

सीसी दर वर्षी रिन्यू करावी लागते आणि हमी पण त्याच्याबरोबर पुढं चालवावी लागते, ते शाखेनं केलंय का हे विचारायचं काम तुमचं. नवीन ताळेबंद, रिटर्न, स्टॉक, विमा, सगळं परत द्यायचं. तुमचा माल घ्यायचा सीझन कधी आहे तो बघा आणि रिन्यूअल त्याच्या आधी उरकेल असं बसवा. माझी तारीख जानेवारीतली आहे, म्हणून दिवाळी झाली की सीएकडं फाईल जाते. गडहिंग्लजला सौदे जोरात सुरू झाले की तिथं उधारी कुणी देत नाही, त्या दिवशी लिमिट मोकळं पाहिजे.